अमेरिकेची निवडणूक आणि निकालाचं भांडण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मतदान झालं की आपल्याकडे प्रश्नांचा पाऊस पडतो. २०२० नंतर तर तो थांबलेलाच नाही. त्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प जो बायडेन यांच्याकडून हरले आणि निवडणूक चोरली गेली असं म्हणत राहिले. तो वाद निकालानंतर काही महिन्यांत विझेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. आधी पायाभूत, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जास्त मतं मिळालेला उमेदवार हरतो, हा कुठला न्याय?

राष्ट्राध्यक्षपदासाठी अमेरिकेत एक निवडणूक होत नाही, ५१ होतात: ५० राज्यांच्या आणि एक राजधानी वॉशिंग्टन डीसीची. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधीगृहातले सदस्य अधिक दोन सिनेटर एवढी इलेक्टोरल मतं असतात. डीसीची तीन धरून बेरीज ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि डीसीत जो एका मतानेही पुढे, त्याला तिथली सगळी इलेक्टोरल मतं जातात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं त्यांतली काही मतं मतदारसंघानुसार वाटतात.

त्यामुळे कॅलिफोर्नियात तीस लाखांनी जिंकलं काय आणि तीन मतांनी जिंकलं काय, पदरात तेवढंच पडतं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. १८२४, १८७६, १८८८ आणि २००० सालीही असंच झालं होतं. आपल्याला याचं फार नवल वाटायला नको. एकूण मतं कमी आणि आमदार जास्त, हा प्रकार आपणही पाहिलेला आहे.

२. तिथे निवडणूक आयोग काय करतो?

आपल्या अर्थाने तिथे निवडणूक आयोगच नाही. ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ नावाची संस्था आहे, पण ती फक्त प्रचाराच्या पैशाचा हिशेब बघते. मतदारयादी, मतपत्रिका, केंद्रं, मोजणी हे सगळं राज्यांच्या कायद्याने चालतं आणि हातात असतं काऊंटीच्या किंवा गावच्या. काऊंट्या तीन हजारांहून जास्त. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा, फक्त तिथला निवडणूक अधिकारी बऱ्याचदा स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. राज्य पातळीवर हे काम बहुतेक ठिकाणी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ बघतो, आणि तोही बहुधा पक्षाचाच माणूस.

पंचाच्या अंगावर एका संघाचा शर्ट! ऐकायला विचित्र वाटतं, आणि आहेच. २००० साली फ्लोरिडाच्या निकालावर सही करणाऱ्या कॅथरीन हॅरिस या त्याच राज्यात जॉर्ज बुश यांच्या प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या. राज्याचे गव्हर्नर होते बुश यांचे सख्खे भाऊ जेब. उलट उदाहरणही आहे. २०२० मध्ये जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन होते, ट्रम्प यांचे मतदार होते, आणि ट्रम्प हरल्याच्या निकालावर सही त्यांनीच केली. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी त्यांना फोन करून आपल्याला ११,७८० मतं ‘शोधायची’ आहेत असं सांगितलं. जॉर्जियातला पराभव ११,७७९ मतांचा होता. फोनचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं म्हणून हा आकडा आज सगळ्यांना पाठ आहे.

३. मग निकाल जाहीर कोण करतं? टीव्हीवाले?

टीव्हीवर आणि ‘असोसिएटेड प्रेस’वर जे येतं तो अंदाज असतो. उरलेल्या मतांनी आता चित्र पालटणार नाही, एवढंच त्यातून म्हणायचं असतं. कायद्याने त्याला शून्य किंमत. खरी वाट लांब आहे: काऊंटी आकडे तपासते, राज्य निकाल प्रमाणित करतं, डिसेंबरच्या मध्यावर इलेक्टर (राज्याची इलेक्टोरल मतं प्रत्यक्ष टाकणारे प्रतिनिधी) आपापल्या राज्यात मतं देतात, ६ जानेवारीला संसद ती मोजते आणि २० जानेवारीला शपथ.

म्हणजे मतदान आणि शपथ यांच्यामध्ये जवळपास अकरा आठवडे. संशय वाढायला ही पुरेशी मोठी जागा आहे. माझ्या मते २०२० चं भांडण समजून घ्यायचं तर ‘चोरी झाली की नाही’ याच्याआधी ‘कोणतं मत केव्हा मोजलं’ हे विचारावं.

४. २०२० च्या रात्री ट्रम्प पुढे होते. सकाळी बायडेन कसे पुढे गेले?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब.

आपल्याकडे मोजणीच्या दिवशी सुरुवातीचे कल आणि संध्याकाळचा निकाल यांत फरक पडला तर कुणी चमकत नाही. कोणत्या भागाच्या पेट्या आधी फुटल्या हे गावातलं पोरही सांगतं. अमेरिकेत २०२० मध्ये नेमकं हेच झालं, फक्त पेट्या भागाच्या नव्हत्या, पद्धतीच्या होत्या.

करोनामुळे त्या वर्षी टपाली मतदान प्रचंड वाढलं. ट्रम्प यांनी महिनोन्‌महिने टपाली मतदानावर टीका केल्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर गेले आणि डेमोक्रॅट मतदारांनी टपालाची वाट धरली. आता पेनसिल्वेनिया आणि विस्कॉन्सिन या राज्यांचा कायदा बघा: टपाली पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडायचीच नाहीत. पाकीट फाडा, आतलं पाकीट काढा, घडी उलगडा, मग यंत्रात घाला. लाखोंच्या संख्येत हे करायला दिवस लागतात. केंद्रावरची मतं मात्र त्याच रात्री येतात. म्हणून पेनसिल्वेनियात रात्री ट्रम्प काही लाखांनी पुढे दिसले, आघाडी रोज वितळत गेली आणि शेवटी बायडेन ८०,५५५ मतांनी जिंकले. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहराची टपाली मतं एकाच ठिकाणी मोजून पहाटे एकगठ्ठा जाहीर झाली. बायडेन यांची मतं एकदम वाढलेली दाखवणाऱ्या आलेखातली ‘उभी रेघ’ तिथली आहे.

फ्लोरिडात पाकिटं आधीच उघडून ठेवता येतात, त्यामुळे तिथला निकाल त्याच रात्री लागला आणि ट्रम्प जिंकले. ॲरिझोनात तर उलटंच. तिथे लवकर आलेली टपाली मतं आधी जाहीर झाली, त्यामुळे बायडेन सुरुवातीला बरेच पुढे होते आणि नंतर ट्रम्प यांनी अंतर कापत कापत ते १०,४५७ वर आणलं. याला मात्र कुणी चोरी म्हटलं नाही.

४ नोव्हेंबरला डेट्रॉइटच्या मोजणी केंद्राबाहेर ट्रम्प समर्थक ‘मोजणी थांबवा’ म्हणून ओरडत होते. तिकडे ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये त्यांचेच समर्थक ‘मतं मोजा’ म्हणत जमले होते. एकाच पक्षाच्या दोन गर्दींच्या या दोन घोषणा त्या आठवड्याबद्दल पुष्कळ सांगून जातात.

५. पण खरोखर घोटाळा झाला होता का?

निकाल बदलेल असा घोटाळा झाल्याचा पुरावा कुठल्याही न्यायालयात किंवा फेरमोजणीत पुढे आला नाही. जॉर्जियाने सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, निकाल तोच. ट्रम्प यांनीच नेमलेले ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) विल्यम बार यांनी १ डिसेंबर २०२० ला, निकाल फिरेल एवढा गैरप्रकार आढळला नाही, असं सांगितलं. ॲरिझोना राज्याच्या विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने तिथल्या मॅरिकोपा काऊंटीची मतं एका खासगी कंपनीकडून पुन्हा तपासून घेतली. सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला तेव्हा बायडेन यांची मतं ९९ ने वाढली होती आणि ट्रम्प यांची २६१ ने घटली होती.

एकही बोगस मत पडलं नाही, असा याचा अर्थ नाही. मेलेल्या आईचं मत टाकणारे, दोनदा मत देणारे सापडले, काहींना शिक्षाही झाल्या. असोसिएटेड प्रेसने वादातल्या सहा राज्यांत संशयित प्रकरणं मोजली, ती ४७५ हून कमी भरली. त्या सहा राज्यांत मतं पडली होती अडीच कोटींच्या घरात.

६. मिशिगनमध्ये यंत्राने मतं फिरवली, हे तरी खरं ना?

ॲन्ट्रिम काऊंटीबद्दल विचारताय. छोटी, रिपब्लिकन वळणाची काऊंटी, आणि पहिल्या आकड्यांत बायडेन पुढे! लोकांना धक्का बसणं साहजिकच होतं. कारण निघालं ते कुठल्याही सरकारी कचेरीत शोभेल असं: काही गावांच्या मतपत्रिकेत ऐनवेळी स्थानिक बदल झाले, पण सगळ्या यंत्रांत नवी फाइल भरली गेली नाही, त्यामुळे आकडे चुकीच्या रकान्यात गेले. चूक दुसऱ्याच दिवशी लक्षात आली. डिसेंबरमध्ये सगळ्या मतपत्रिका हाताने मोजल्या, तेव्हा प्रमाणित निकालात फक्त डझनभर मतांचा फरक पडला. ट्रम्प तिथे आरामात जिंकले होते. चूक करणारी अधिकारीही रिपब्लिकनच होती.

यंत्रांनी मतं फिरवल्याचे आरोप दाखवल्याबद्दल ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने फॉक्स न्यूज वाहिनीवर बदनामीचा दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

७. अमेरिकेने ईव्हीएम फेकून दिलं, मग आपण का वापरतो?

आपल्याकडची बाजू लढवायला अमेरिकेचा हा दाखला फारसा कामाचा नाही, कारण तो अर्धाच आहे. तिथे बहुतेक मतदार कागदावर गोल काळा करतात, हे खरं. पण तो कागद मोजतं यंत्रच. हाताने मोजणी होते ती पडताळणीपुरती किंवा फेरमोजणीत. २००० च्या गोंधळानंतर (प्रश्न ९) केंद्र सरकारने पैसे दिले, अनेक राज्यांनी टचस्क्रीन घेतले, त्यांतल्या काहींत कागदच नव्हता. मग ओरड झाली आणि राज्यं पुन्हा कागदाकडे वळली. २०२० मध्ये दहातल्या नऊहून अधिक मतांची कागदी नोंद होती, म्हणूनच ॲन्ट्रिमची चूक हाताने मोजून सिद्ध करता आली.

८. कोर्टांनी पुरावे न बघताच खटले फेटाळले, असं म्हणतात.

अर्धसत्य. साठहून अधिक खटले झाले. काही ‘तुम्हाला हा दावा लावायचा अधिकारच नाही’ या मुद्द्यावर गेले. टेक्सासने इतर चार राज्यांविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा ११ डिसेंबरला याच कारणाने गेला. पण नेवाडासारख्या ठिकाणी न्यायाधीशांनी पुरावे वाचून, तपासून दावा फेटाळला. पेनसिल्वेनियाच्या अपिलात ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायमूर्तींनी लिहिलं की आरोपाला नेमका तपशील लागतो, मग पुरावा लागतो, आणि इथे दोन्ही नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पत्रकार परिषदेत घोटाळ्याचा आरोप करणारे ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी कोर्टात न्यायाधीशांनी विचारल्यावर म्हणाले, हा घोटाळ्याचा खटला नाही. बाहेर बोलायला शपथ लागत नाही.

९. २००० साली बुश आणि गोर यांच्यात काय झालं होतं?

माझ्या मते खरी वादग्रस्त निवडणूक म्हणायची तर ती. सगळा देश फ्लोरिडाच्या २५ इलेक्टोरल मतांवर अडकला होता. वाहिन्यांनी ते राज्य आधी गोर यांना दिलं, काढून घेतलं, मध्यरात्रीनंतर बुश यांना दिलं, तेही काढून घेतलं. गोर यांनी फोन करून अभिनंदन केलं आणि तासाभराने पुन्हा फोन करून ते मागे घेतलं.

पाम बीच काऊंटीत उमेदवारांची नावं दोन पानांवर आणि भोकं मधल्या पट्टीत, अशी ‘फुलपाखरू’ मतपत्रिका होती. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक तिसऱ्याच पक्षाचे उमेदवार पॅट ब्युकॅनन यांचं. डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असलेल्या त्या काऊंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. यातली बरीचशी आपली नसावीत, असं खुद्द त्यांनीच म्हटलं. १९ हजारांहून जास्त मतपत्रिका दोन भोकं पाडल्यामुळे बाद. शिवाय अर्धवट तुटून लोंबणाऱ्या कागदी टिकल्या, म्हणजे ‘चॅड’, भिंगातून बघत बसलेले अधिकारी!

१२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. बुश ५३७ मतांनी जिंकले. दुसऱ्या दिवशी, मतदानानंतर ३६ दिवसांनी, निर्णय पटला नाही तरी मान्य आहे असं सांगून गोर यांनी पराभव स्वीकारला.

‘सगळं मोजलं असतं तर?’ वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन २००१ मध्ये बाद मतपत्रिका तपासल्या, त्याचं उत्तर गंमतशीर आहे. गोर यांनी मागितलेली चार काऊंट्यांची फेरमोजणी पूर्ण झाली असती, तरी बुश जिंकले असते. संपूर्ण राज्यातल्या सगळ्या बाद मतपत्रिका तपासल्या असत्या तर गोर निसटते जिंकू शकले असते. पण तशी मागणी त्यांनी कोर्टात केलीच नव्हती.

१०. ६ जानेवारीला उपराष्ट्राध्यक्ष निकाल फिरवू शकतो का?

नाही. त्याचं काम पाकिटं उघडण्याचं आणि बेरीज जाहीर करण्याचं. १९६१ मध्ये निक्सन यांनी आणि २००१ मध्ये गोर यांनी स्वतःचाच पराभव असा जाहीर केला. गोर यांच्यासमोर त्यांच्याच पक्षाचे खासदार हरकती घेत होते. हरकतीवर एका तरी सिनेटरची सही लागत असे, ती नव्हती. एका सदस्या म्हणाल्या, सही नसली तरी मला पर्वा नाही. गोर यांचं उत्तर: नियमांना आहे.

२०२१ मध्ये माइक पेन्स यांच्यावर मतं नाकारण्यासाठी दबाव होता, त्यांनी नकार दिला. त्याच दुपारी ट्रम्प समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुसला. संसद रात्री पुन्हा बसली. ॲरिझोनाची हरकत सिनेटने ९३ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधीगृहाने ३०३ विरुद्ध १२१ अशी फेटाळली, पेनसिल्वेनियाचीही फेटाळली, आणि ७ तारखेच्या पहाटे मोजणी संपली.

नियमांतली संदिग्धता जुनी होती. १८७६ च्या निवडणुकीतल्या हेस आणि टिल्डन या उमेदवारांच्या वादानंतर, १८८७ मध्ये केलेला कायदा कुणाला धड समजत नसे. २०२२ मध्ये तो बदलला: उपराष्ट्राध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक, आणि हरकतीला आता दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी एकपंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. ६ जानेवारी २०२५ ला कमला हॅरिस यांनी आपला ३१२–२२६ असा पराभव वाचून दाखवला, एकही हरकत आली नाही.

११. डेमोक्रॅटही हेच करत आले ना?

काही प्रमाणात, हो, आणि ते लपवू नये. २००१ आणि २०१७ मध्ये त्यांच्या खासदारांनी हरकती घेतल्या. २००५ मध्ये ओहायोबाबत सिनेटरची सही असल्यामुळे चर्चाही झाली. २०१८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाच्या पराभूत उमेदवार स्टेसी अब्राम्स यांनी औपचारिकपणे पराभव मान्य करायला नकार दिला होता.

पण तराजूत दोन्ही पारडी सारखी नाहीत. हिलरी क्लिंटन यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. गोर यांचं प्रश्न ९ मध्ये आलंच आहे. २०२० मध्ये उमेदवाराने स्वतः निकाल नाकारला आणि १४७ रिपब्लिकन सदस्यांनी किमान एका हरकतीच्या बाजूने मत दिलं. दोन्हीकडे ‘आपण हरलो म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे’ असं मानणारे समर्थक आहेत. फरक पडतो तो नेता त्यांना काय सांगतो यावर.

१२. ट्रम्प यांच्यावरच्या खटल्याचं शेवटी काय झालं?

२०२० चा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नांबद्दल ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यावर संघराज्य पातळीवर चार आरोप ठेवले गेले. ते २०२४ ची निवडणूक जिंकल्यावर तो खटला मागे घेण्यात आला, कारण पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही हे न्याय खात्याचं धोरण आहे. दोषी की निर्दोष, हे ठरलंच नाही. २० जानेवारी २०२५ ला त्यांनी कॅपिटॉल प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली.

१३. रिपब्लिकन म्हणजे भाजप आणि डेमोक्रॅट म्हणजे काँग्रेस, असं समजायचं का?

समजू नका. तिथे हायकमांड नाही, तिकीट पक्षाध्यक्ष देत नाही. प्राथमिक निवडणुकीत मतदार देतात. म्हणून पक्षाचा खासदार मतदारांना घाबरतो, पक्षकार्यालयाला नाही. लाल-निळे रंगसुद्धा पक्षांनी ठरवलेले नाहीत. वाहिन्या पूर्वी वेगवेगळे रंग वापरत, २००० च्या त्या ३६ दिवसांत नकाशा सतत पडद्यावर राहिला आणि रंग चिकटले.

१४. २६९–२६९ अशी बरोबरी झाली तर?

ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०२० मध्ये जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन मिळून ४२,९१८ मतांची आघाडी होती. ही तीन राज्यं दुसरीकडे गेली असती तर नेमकी बरोबरी झाली असती.

तेव्हा निवड प्रतिनिधीगृह करतं, पण दर राज्याला एकच मत. जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला एक आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगलाही एक. २६ राज्यं लागतात. डीसीला इथे मतच नाही. उपराष्ट्राध्यक्ष मात्र सिनेट निवडते, म्हणजे दोघं दोन पक्षांचे निघू शकतात.

१५. इलेक्टर फुटला तर? घोडेबाजार होत नाही का?

२०१६ मध्ये सात जण फुटले, निकाल बदलला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्यं इलेक्टरना बांधून ठेवू शकतात. बऱ्याच राज्यांत फुटीर मत रद्द होऊन जागी दुसरा इलेक्टर बसतो. रिसॉर्टची गरज पडलेली नाही.

१६. मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बीवर आहे, घर आहे, कर भरतो. मत देऊ शकतो का?

नाही. ग्रीन कार्डवरही नाही. राष्ट्राध्यक्ष आणि संसदेच्या निवडणुकीत फक्त नागरिक. नागरिकत्व घेतल्यावर मात्र मतच काय, उमेदवारीही करता येते: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून प्रतिनिधीगृहावर निवडून गेले. राष्ट्राध्यक्षपद तेवढं जन्माने नागरिक असणाऱ्यांसाठी.

एक इशारा. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचाही अर्ज समोर येतो. ‘तुम्ही नागरिक आहात का’ या रकान्यात घाईत चुकीची खूण केली, तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व अडकू शकतं. तिथे सही करण्याआधी दोनदा वाचायला सांगा. प्रचाराला देणगीचंही तसंच: ग्रीन कार्डवाल्याला चालते, एच-वन-बीवाल्याला नाही.

अपवाद आहेत, पण स्थानिक. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्क गावात बिगरनागरिक रहिवाशांना गावच्या निवडणुकीत मत आहे, सॅन फ्रान्सिस्कोत पालकांना शाळा मंडळापुरतं. त्यांची मतपत्रिका वेगळी असते.

१७. आम्ही अमेरिकन नागरिक, पण ओसीआय कार्डावर पुण्यात परत आलो आहोत. आमचं मत गेलं का?

गेलं नाही. अमेरिकेत तुमचा जो शेवटचा पत्ता होता, त्या काऊंटीचे तुम्ही मतदार. परदेशातून मतपत्रिका मागवायचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा, आणि लवकर. मतपत्रिका ईमेलने मिळू शकते, परत कशी पाठवायची आणि कोणत्या तारखेपर्यंत पोचायला हवी हे राज्यागणिक वेगळं आहे. बऱ्याच राज्यांत पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळवतात. सही बदलली असेल तर आधी काऊंटीला कळवा.